आडात नाही, तर पोहऱ्यात कोठून?

२०२५ च्या २९ नोव्हेंबर रोजी कार्डिफच्या मैदानावर दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाने वेल्सच्या राष्ट्रीय संघाचा ७३ विरुद्ध शून्य असा पराभव केला. स्वतःच्या राजधानीत, स्वतःच्या माणसांसमोर, एकही गुण पदरात न पडता मान खाली घालण्याची पाळी एके काळच्या दिग्विजयी संघावर यावी, ही घटना सामान्य नव्हे. अशा पराभवानंतर वेल्समध्ये जे घडते, ते तेथे पिढ्यानपिढ्या घडत आले आहे. कोण थकला, कोणाला उगाच वगळले, चेंडू हातात घेऊन धावावयाचे की लाथेने पुढे धाडावयाचे, प्रशिक्षकाची बुद्धी कोठे गहाण पडली होती, यावर मद्यगृहांतून, आगगाडीच्या डब्यांतून, घरोघरच्या जेवणाच्या मेजांवर सारा देश हिरीरीने भांडत बसतो. फुटबॉलपायी शेजाऱ्याशी अबोला धरणाऱ्या गोमंतकीय वाचकास या भांडणाची गोडी आम्ही समजावून सांगण्याचे कारण नाही. आम्हांस बोलावयाचे आहे ते त्या भांडणाच्या दिशेविषयी.

वेल्स हा सुमारे ३१ लाख वस्तीचा देश. शेजारचे इंग्लंड लोकसंख्येने त्याच्या जवळजवळ अठरापट. स्वतःची प्राचीन भाषा, समूहगायनाचे वेड आणि दक्षिणेकडील खोऱ्यांतल्या कोळशाच्या खाणी, ही या देशाची ओळख. १८८१ साली वेल्सचा संघ प्रथम इंग्लंडशी खेळला आणि सपशेल हरला. परंतु पाव शतकाच्या आत, १९०५ च्या १६ डिसेंबरला, ब्रिटनच्या दौऱ्यावर अजिंक्य ठरत आलेल्या न्यूझीलंडच्या संघास त्याने ३-० असे नमविले. त्या दिवशी पाहुण्यांनी आपले युद्धनृत्य केले, तेव्हा वेल्सच्या खेळाडूंनी आपले राष्ट्रगीत सुरू केले आणि हजारो प्रेक्षकांनी त्यात सूर मिळविला. खाणीत राबणाऱ्या माणसाला आपण एक राष्ट्र आहोत याची प्रचीती देणाऱ्या गोष्टी फार थोड्या होत्या. त्यांतली एक त्याला त्या मैदानावर सापडली. म्हणूनच तेथील संघाचा पराभव हा केवळ खेळातला पराभव राहत नाही.

रग्बीचे नियम आमच्या सर्वच वाचकांच्या परिचयाचे असतील असे नाही. चेंडू अंडाकृती, प्रत्येक बाजूस पंधरा गडी. चेंडू हातात घेऊन धावता येते, परंतु हाताने तो पुढे फेकता येत नाही. सहकाऱ्यास द्यावयाचा तर मागे किंवा बाजूलाच द्यावा लागतो. चेंडू घेऊन धावणाऱ्यास प्रतिपक्ष धरून जमिनीवर पाडतो. या धुमश्चक्रीत चेंडू मिळताच धावावे, द्यावा की लाथाडावा, याचा निर्णय क्षणार्धात करावयाचा असतो तो दहा क्रमांकाच्या खेळाडूने. वेल्समध्ये या क्रमांकाला जवळजवळ देवत्व आहे. क्लिफ मॉर्गन, बॅरी जॉन, फिल बेनेट, जोनाथन डेव्हिस ही त्या परंपरेतली नावे. बॅरी जॉन व बेनेट यांच्याबरोबर गॅरेथ एडवर्ड्स, जेराल्ड डेव्हिस, जे. पी. आर. विल्यम्स असे मोहरे एका दशकात लाभले आणि १९७१, १९७६ व १९७८ या वर्षी पाच राष्ट्रांच्या स्पर्धेतील सर्व सामने वेल्सने जिंकले. नवा दहा क्रमांकाचा खेळाडू आला की त्याला या पूर्वजांच्या तराजूत घातले जाते, आणि तो हलका भरला की वादाला तोंड फुटते.

आता अलीकडचा इतिहास पाहावा. २०२३ च्या विश्वचषक स्पर्धेत ७ ऑक्टोबरला जॉर्जियाला हरविल्यानंतर वेल्सच्या संघाला विजय जणू पारखा झाला. पुढच्याच आठवड्यात अर्जेंटिनाने त्याला उपांत्यपूर्व फेरीत गारद केले. २०२४ साली खेळलेले अकराही कसोटी सामने तो हरला. १९३७ नंतर एकही विजय नसलेले असे वर्ष प्रथमच उगवले. २०२५ च्या फेब्रुवारीत रोम येथे इटलीकडून हार पत्करल्यावर प्रशिक्षक वॉरन गॅटलंड पायउतार झाले. मार्चमध्ये इंग्लंडने कार्डिफला येऊन ६८-१४ अशी धूळ चारली. जुलैमध्ये जपानच्या दौऱ्यावर पहिला सामनाही गेला आणि ओळीने अठरा पराभवांची माळ पुरी झाली. कोबे येथील दुसऱ्या सामन्यात ३१-२२ असा विजय मिळाला, तेव्हा कोठे ती तुटली.

या सर्व काळात चाहत्यांच्या रोषाचे लक्ष्य मुख्यतः एकच माणूस होता. त्यांच्या तक्रारीत तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. धिप्पाड गडी प्रतिपक्षाच्या भिंतीवर पुनःपुन्हा आदळवीत राहण्याची गॅटलंड यांची पद्धत जुनी झाली होती, आणि चकवा देत धावण्याची वेल्सची मूळ शैली तीत हरवली होती, हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परंतु याच गॅटलंड यांनी २००८, २०१२ व २०१९ साली सहा राष्ट्रांच्या स्पर्धेतील सर्व सामने जिंकून दिले होते, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच शैलीच्या बळावर वेल्स जागतिक क्रमवारीत प्रथम स्थानी पोहोचला होता. माणूस तोच, पद्धत बव्हंशी तीच. मग फळ इतके निराळे का? ॲलन विन जोन्स आणि जस्टिन टिपुरिक यांसारखे दिग्गज २०२३ साली निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी घ्यावयास तयार माणसे नव्हती. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? आणि पोहरा बदलल्याने आडाला पाणी लागत नाही.

आड का आटला, हा खरा प्रश्न आहे. १९९५ साली रग्बी व्यावसायिक झाली. खाणींच्या खोऱ्यांतले गावोगावचे क्लब नव्या पैशाच्या खेळात तग धरीनात, म्हणून २००३ साली त्यांच्या डोक्यावर पाच प्रादेशिक संघ बसविण्यात आले. पाँटिप्रिड व ब्रिजेंड या दोन अभिमानी गावांचा मिळून केलेला पाचवा संघ एकाच हंगामानंतर मोडीत निघाला. उरलेल्या चारांची ओढाताण कधी संपली नाही. परदेशी क्लबांकडे जाणाऱ्यांना अडविण्यासाठी २०१७ साली नियम आला: राष्ट्रीय संघातर्फे साठ सामने खेळल्याखेरीज बाहेर गेलेल्यास निवडीस पात्र धरावयाचे नाही. घरी पगाराची शाश्वती नाही आणि बाहेरची वाट बंद, अशा कोंडीत सापडलेले खेळाडू २०२३ च्या फेब्रुवारीत इंग्लंडविरुद्धच्या सामन्याच्या तोंडावर संपाच्या उंबरठ्यावर आले, तेव्हा साठाचे पंचवीस झाले. २०२५ च्या एप्रिलमध्ये कार्डिफचा प्रादेशिक संघ आर्थिक डबघाईस आला आणि रग्बी मंडळासच तो ताब्यात घ्यावा लागला. नोव्हेंबरमधील तो ७३-० चा सामनादेखील आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी राखलेल्या मुदतीच्या बाहेर ठेवलेला होता. इंग्लंड व फ्रान्समधील क्लबांकडे असलेले वेल्सचे खेळाडू त्याला उपलब्धच नव्हते. अपुऱ्या सैन्यानिशी जगज्जेत्यांपुढे उभे राहावयाचे, ही कसली रणनीती?

यात नवीन काही नाही, आणि हीच अधिक खेदाची गोष्ट आहे. १९८८ साली वेल्सने इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड या तिघांनाही हरविले आणि त्याच उन्हाळ्यात न्यूझीलंडमध्ये ५२-३ व ५४-९ असे दोन सपाटून मार खाल्ले. मंडळाने काय केले? प्रशिक्षक टोनी ग्रे यांना घरी पाठविले. दोन देशांच्या खेळात केवढी दरी पडली आहे हे मंडळाच्या वार्षिक सभेत सांगण्याची जोनाथन डेव्हिस यांची तयारी होती. त्यांना ती संधी मिळाली नाही. त्याच डिसेंबरात रुमानियाने कार्डिफमध्ये वेल्सला हरविले, आणि १९८९ च्या आरंभी डेव्हिस पैसा देणाऱ्या रग्बी लीगकडे निघून गेले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण आमच्याकडची असली तरी तिचा प्रत्यय कार्डिफमध्येही येतो.

या पार्श्वभूमीवर २०२५ च्या जुलैमध्ये स्टीव्ह टँडी यांची नेमणूक झाली. २००७ नंतर वेल्सच्या मातीतला मुख्य प्रशिक्षक प्रथमच लाभला, याचा तेथील लोकांना झालेला आनंद आम्ही समजू शकतो. परंतु त्यांच्या पहिल्याच हंगामात जपानवर एका गुणाने मिळविलेला विजय सोडला तर तीन मोठे पराभव पदरी आले. त्यांनाही ग्रे व गॅटलंड यांच्याच वाटेने नेऊन सोडावयाचे असेल, तर ते सोपे आहे. त्यातून एकही नवा खेळाडू निपजणार नाही.

चाहत्यांचा वाद हा पोरखेळ आहे असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. ज्या संघाविषयी लोक भांडत नाहीत तो संघ लोकांच्या मनातून उतरला असे खुशाल समजावे. वेल्सचा संघ इतके मार खाऊनही मनातून उतरलेला नाही, ही त्या देशाची शिल्लक पुंजी आहे. मात्र ती पुंजी दहा क्रमांकाचा सदरा कोणाला द्यावा एवढ्याच प्रश्नावर उधळली जाऊ नये. २०२५ च्या ऑक्टोबरात मंडळाने चार प्रादेशिक संघांचे तीन करण्याचे ठरविले, तेव्हा ज्या भागांवर गदा येण्याची भीती निर्माण झाली त्यांत लॅनेथ्लीचा परिसर होता. याच गावाच्या संघाने १९७२ साली न्यूझीलंडला ९-३ असे हरविले होते. कदाचित पैशाच्या हिशेबाने तीनच संघ योग्य ठरतील. परंतु तो हिशेब लोकांसमोर मांडला गेला पाहिजे, आणि गावातल्या पोराने पहिला चेंडू कोठे धरावयाचा याचे उत्तर त्यात असले पाहिजे. मंडळाच्या बैठकांत काय ठरते, शाळांच्या व गावांच्या मैदानांवर किती पैसा जातो, हे प्रश्न वेल्सचा प्रेक्षक ज्या दिवशी निवडीइतक्याच तावातावाने विचारू लागेल, त्या दिवशी मंडळास त्याचे ऐकावे लागेल. तो दिवस लवकर उजाडावा, अशी आमची इच्छा आहे.