दुभंगलेल्या जबड्याचा साप आणि मोकाट शेळ्या



मॉरिशस म्हटलं की कोकणातून तिथल्या ऊसमळ्यांवर कामाला गेलेली आपली माणसं आठवतात. तिथे आजही मराठी घरांत गणपती बसतो. आज त्याच देशातल्या सापांच्या एका कुळाची गोष्ट सांगते. हे कुळ जगात दुसरीकडे कुठेच नाही. शास्त्रज्ञ त्याला ‘बोलिएरिडी’ म्हणतात.

या कुळात जाती दोनच, दोन्ही बिनविषारी. त्यांचा वरचा जबडा प्रत्येक बाजूला पुढचा आणि मागचा असा दोन भागांत दुभंगलेला असतो आणि मध्ये सांधा असतो. त्यामुळे गुळगुळीत अंगाची सापसुरळीसुद्धा निसटत नाही. जमिनीवरच्या दुसऱ्या कुठल्याही कणा असलेल्या प्राण्याला असा जबडा नाही.

जहाजांतून उंदीर आले आणि मुख्य बेटावरून हे साप संपले. उरले ते उत्तरेकडच्या राउंड आयलंडवर. हे बेट जेमतेम ५४० एकरांचं. तिथे उंदीर पोहोचले नव्हते, पण एकोणिसाव्या शतकात माणसांनी शेळ्या आणि ससे आणून सोडले.

शेळीला आपण गरिबाची गाय म्हणतो. गटातल्या कितीतरी जणींचा कर्जाचा हप्ता तिच्यावरच फिटतो. दोष शेळीचा नाही, मोकाट सोडणाऱ्यांचा. कोवळे कोंब खाल्ले गेले, नवी झाडं उगवेनात. मुळांची पकड सुटली आणि पावसानं माती समुद्रात वाहून नेली. मातीत बिळात राहणारी सापाची जात १९७५ साली शेवटची दिसली. ती आता नामशेष मानतात.

दुसरी जात मात्र वाचली. १९७९ पर्यंत शेळ्या आणि १९८६ मध्ये ससे बेटावरून काढले. माणसांनी झाडं लावली, हिरवाई परतली. आपण बियाणं एकाच कणगीत ठेवत नाही, तसंच २०१२ मध्ये ६० साप गनर्स क्वॉइन या दुसऱ्या बेटावर नेऊन सोडले. तिथले उंदीर आधीच संपवले होते.

मैत्रिणींनो, झाड परत लावता येतं, पण गेलेली माती आणि गेलेली जात परत येत नाही. म्हणून गटातून शेळी घेताना गोठा आणि चाऱ्याचा हिशेबही कर्जाच्या अर्जातच मांडा. गावाच्या टेकडीवर नवी रोपं लावली असतील, तर ती वाढेपर्यंत तिथे चराई बंद ठेवा. चारा कापून गोठ्यात आणला, तर शेळीही जगेल आणि टेकडीही.