सामान्य घरासाठी घडलेली खुर्ची

विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या डॅनिश फर्निचरचं नाव निघालं की आज लिलावातले आकडे आधी समोर येतात. त्या काळची जेवणाच्या टेबलाभोवतीची मला सर्वांत थोर वाटणारी खुर्ची मात्र एका ग्राहक सहकारी संस्थेने, बेताच्या कमाईच्या कुटुंबांसाठी करवून घेतली होती. बॉर्ग मोगेन्सन यांची १९४७ सालची ‘जे ३९’. डेन्मार्कमध्ये ती ‘लोकांची खुर्ची’ म्हणूनच ओळखली जाते.

संस्थेचं नाव एफडीबी. देशभरच्या सहकारी दुकानांचा हा संघ १८९६ मध्ये उभा राहिला. मुंबईच्या गिरणगावात ‘अपना बाजार’ सुरू झाला तो १९४८ मध्ये, म्हणजे या खुर्चीच्या दुसऱ्याच वर्षी. स्वस्त आणि चोख किराणा ही सहकारी दुकानाची ओळख आपल्या परिचयाची आहे. एफडीबीच्या धुरिणांना वाटलं, साखर-पिठाइतकंच चोख टेबल आणि खुर्चीही सभासदाला मिळायला हवी. डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात असताना, १९४२ मध्ये, त्यांनी स्वतःचं फर्निचर आरेखन खातं काढलं आणि अठ्ठावीस वर्षांच्या मोगेन्सन यांच्या हाती सोपवलं.

मोगेन्सन मुळात सुतारकाम शिकलेले. पुढे ते आरेखक आणि शिक्षक कोर क्लिंट यांच्या हाताखाली तयार झाले. क्लिंट यांची शिस्त मोजमापाची होती: कपाट काढण्याआधी त्यात राहणाऱ्या ताटवाट्या मोजायच्या, खुर्ची काढण्याआधी बसणारं शरीर मोजायचं. जुन्या चांगल्या वस्तूंचीही ते विद्यार्थ्यांकडून मापं घेववत. अमेरिकेतल्या शेकर पंथीयांचं निरलंकार लाकूडकाम मोगेन्सन यांच्यापर्यंत या वाटेने पोचलं. क्लिंट यांनीच १९३६ मध्ये चर्चसाठी विणलेल्या बैठकीची खुर्ची केली होती. ‘जे ३९’ तिच्याच घराण्यातली.

खुर्चीत पाहण्यासारखं काय? गोल पाय, त्यांना जोडणारे आडवे दांडे, आणि पाठीला एकच रुंद, किंचित वळवलेली फळी. कोरीवकाम नाही, गादी नाही. पण ती एकच फळी नेमक्या उंचीवर आहे: पाठीला आधार देते आणि खुर्ची उचलताना हातालाही सहज लागते. जेवताना माणूस पुढे झुकतो, गप्पांत मागे रेलतो, तिरका बसून शेजाऱ्याशी बोलतो. इथे हात नसल्यामुळे तिरकं बसताना काहीच आड येत नाही. जेवणाच्या खुर्चीकडून मला याहून अधिक काही नको असतं.

लाकूड बहुधा बीच किंवा ओक. बैठक कागदाच्या दोरीची. कागद म्हटल्यावर शंका येते, पण पीळ घालून घट्ट वळलेली ही दोरी चिवट असते. युद्धकाळात आयात गवताच्या दोऱ्या मिळेनाशा झाल्या तेव्हा डेन्मार्कमध्ये तिचा वापर रुजला, आणि टंचाई संपल्यावरही कारागिरांनी ती सोडली नाही. आपल्याकडे बाज सुंभाने विणतात तशीच ही बैठकही हाताने, ताण सांभाळत विणली जाते.

मोगेन्सन १९५० मध्ये एफडीबीतून बाहेर पडले. खुर्चीचं उत्पादन पुढे फ्रेडेरिशिया या कंपनीकडे गेलं आणि ते आजही सुरू आहे. किंमत मात्र आता सामान्य घराच्या आवाक्यातली राहिलेली नाही, आणि याची मला मनापासून खंत वाटते, कारण परवडणं हा तिच्या आरेखनाचाच भाग होता.

जुनी ‘जे ३९’ पाहायला मिळाली तर बैठक तुटलेली आहे म्हणून मागे फिरू नये. दोरी नव्याने विणता येते. आधी सांधे हलवून पाहावेत, पाय आणि दांड्यांच्या जोडात चीर आहे का ते तपासावं. लाकूड साबणाच्या पाण्याने राखण्याची तिथली जुनी रीत आहे. तसं राखलेलं बीच फिकं आणि स्पर्शाला मऊ राहतं. त्यावर कुणी चकचकीत पॉलिश चढवलं असेल, तर ते उतरवण्याचे कष्ट घ्यावेत.