छप्पर पेलायचे की धरून ठेवायचे?

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत पोलादी सांगाड्याच्या शेड आता गावोगावी दिसू लागल्या आहेत. कारखान्यात मापाने तयार केलेले भाग जागेवर आणून नटबोल्टांनी आवळायचे व वर पत्रे चढवायचे, अशी ही पद्धत. जेथे ताण अधिक तेथे खांब व तुळया रुंद, जेथे कमी तेथे अरुंद; त्यामुळे पोलाद वाचते आणि मध्ये एकही खांब नसलेले दालन थोड्या आठवड्यांत उभे राहते. टोमॅटोच्या प्रतवारीस, गोदामास किंवा सभागृहास ही सोय मोठीच आहे. कांद्याच्या बराखीला मात्र खालून व बाजूंनी वारा लागतो. तेथे बंदिस्त शेड उपयोगाची नाही.

परंतु हलकेपणा हा या इमारतीचा जसा गुण, तसाच तो तिचा धोकाही आहे. जड कौलारू घरात छप्पर पेलण्याची चिंता असे. येथे ते धरून ठेवण्याची असते. भारतीय मानकात पुणे शहरासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. त्या वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ९० किलोंहून अधिक भरतो. तेवढ्या पत्र्याचे वजन मात्र जेमतेम ५ किलो! उघड्या डोंगरमाथ्यावर हा वेग आणखी वाढवून धरावा लागतो. शेडची एक बाजू उघडी असेल, तर वारा छपराला वरून ओढतो आणि आतूनही रेटतो.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले आणि घाट ओलांडून या तालुक्यांतील घरांचे व शाळांचे पत्रे उडवून गेले. समुद्र दूर आहे, या समाधानात अर्थ नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

तेव्हा ग्रामपंचायती, शाळा व बाजार समित्यांनी केवळ किलोचा भाव पाहून काम देऊ नये. वाऱ्याचा हिशेब मांडलेला व अभियंत्याच्या सहीचा आराखडा मागावा. पायातील बोल्ट आणि छपराच्या कडा-कोपऱ्यांचे स्क्रू तपासल्याखेरीज बिल चुकते करू नये. या तपासणीला लागणारा खर्च एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असतो. ज्या छपराखाली मुले बसणार आहेत, त्याच्या बाबतीत तरी ही काटकसर परवडणारी नाही.