पहिलं पुस्तक कानांनी निवडावं

रविवार संध्याकाळ, साडेसात. आमच्या ऑनलाइन वाचनकट्ट्याची ही वेळ ठरवायला पुस्तक ठरवण्याइतकीच चर्चा झाली. माणसं चार देशांत असली की आधी घड्याळं जुळवावी लागतात. उन्हाळ्यात भारतात संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे दहा, लंडनमध्ये दुपारचे तीन आणि सिडनीत थेट मध्यरात्र. सिडनीच्या ताईंनी मोठ्या मनाने सांगितलं, "मला सगळ्या बैठकांना जमणार नाही, पण पुस्तक निवडताना मला विचारल्याशिवाय ठरवू नका." नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात, आपली जागची हलत नाहीत. त्यामुळे हिवाळ्यात न्यू जर्सीकरांना नऊलाच तयार राहावं लागतं. हे सगळं एका कागदावर मांडून ग्रुपवर टाकलं आणि वेळेचा विषय मिटला.

बैठकीची लांबीही आम्ही ठरवली नाही, ती आपोआप ठरली. मोफत झूमवर चाळीस मिनिटांनी बैठक तुटते, मोफत गूगल मीटवर तासाभराने. आम्ही मीट घेतलं. तास संपत आला की बोलणारा आपसूक मुद्द्यावर येतो, आणि पडद्यासमोर तासापेक्षा जास्त वेळ एकाग्र बसवत नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना पटलं.

खरी परीक्षा पहिल्या पुस्तकाची. त्यावर कट्टा टिकणार की तिसऱ्या महिन्यात ग्रुपवर फक्त सणांच्या शुभेच्छा उरणार, हे बरंचसं ठरतं, असं माझं ठाम मत आहे. दुसरं पुस्तक फसलं तर लोक सांभाळून घेतात, कारण तोवर ओळख झालेली असते. पहिल्या वेळी माणसं अनोळखी असतात. कोण किती वाचतं, कोणाला कशाचा राग येतो, कोण बोलायला लाजतं, यातलं काहीच माहीत नसतं. ती ओळख करून देण्याचं काम त्या पुस्तकालाच करावं लागतं.

सुरुवात सगळे करतात तशीच झाली. "नावं सुचवा" म्हटल्याबरोबर ग्रुपवर नावांचा पाऊस पडला: मृत्युंजय, ययाति, कोसला, बनगरवाडी, बलुतं, रणांगण, स्मृतिचित्रे, एक होता कार्व्हर, रारंग ढांग आणि आणखी कितीतरी. कोणीतरी उत्साहाने व्हॉट्सअ‍ॅपवर मतदान टाकलं. त्यात जास्तीत जास्त बारा पर्याय देता येतात, म्हणून तीन नावं गळली आणि त्यावरून थोडी कुरबूर झाली. मग मतं पडू लागली आणि 'मृत्युंजय' पुढे सरकलं.

ते मतदान मी नीट पाहत होते. 'मृत्युंजय'ला मत देणाऱ्या जवळजवळ सगळ्यांनी ते पुस्तक कॉलेजात असताना वाचलेलं होतं. प्रश्न होता, काय वाचायचं. उत्तर येत होतं, काय वाचलंय आणि काय आवडलं होतं. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपच्या मतदानात कोणी कोणाला मत दिलं हे नावानिशी दिसतं. कोल्हापूरच्या सरांचं मत पडलं की त्यांचे दोन जुने विद्यार्थी पाठोपाठ तिथेच मत देत होते. सरांना हे कळलं तेव्हा त्यांनी स्वतःहून आपलं मत काढून घेतलं. मला त्यांचं ते वागणं फार आवडलं. मतदान वेळ ठरवायला उत्तम, पुस्तक ठरवायला अपुरं, हे तिथेच स्पष्ट झालं.

मग प्रश्न उलटा केला: कोणत्या पुस्तकावर आपलं एकमत होणार नाही? इथे चर्चा रंगली. १९५५ सालचं 'बनगरवाडी' आटोपशीर आहे, भाषा लख्ख आहे, महिन्यात आरामात वाचून होतं. पण ग्रुपातल्या बहुतेकांच्या मनात त्याविषयी आधीच इतकं प्रेम होतं, की सगळे "सुंदर आहे" म्हणतील आणि तास संपायच्या आत बोलणं संपेल, अशी भीती नागपूरच्या मुलीने बोलून दाखवली. 'कोसला'चं दुखणं नेमकं याच्या विरुद्ध. १९६३ साली ते आलं तेव्हापासून त्याच्यावर बाजू घेतल्या जातात, आणि आमच्याकडेही पान न उघडताच दोन तट पडले. कोणी त्यातल्या पांडुरंग सांगवीकरला आपला म्हणत होतं, कोणी त्याच्या वैतागाला वैतागलं होतं. ज्यांनी ते वाचलेलंच नव्हतं, ती तिघं-चौघं गप्प झाली. पहिल्या पुस्तकाने नवख्याला गप्प करू नये. एवढ्याच कारणासाठी मी 'कोसला' पुढच्या वर्षावर ढकललं, नाहीतर ते माझं स्वतःचं अत्यंत लाडकं पुस्तक.

पुस्तक हातात पडणं हा आणखी एक अडसर, आणि तो वाटतो तेवढा लहान नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जाऊन दुपारपर्यंत प्रत घरी आणता येते. परदेशात छापील मराठी पुस्तक मागवायचं तर पुष्कळदा पुस्तकापेक्षा टपालखर्च जास्त. काही पुस्तकं ई-बुक म्हणून मिळतात, काही किंडलवर, काही ऐकायला. काही कशातच नाहीत. अशा वेळी कोणीतरी सद्‌हेतूने स्कॅन केलेली पीडीएफ ग्रुपवर टाकतं. आमच्याकडेही एका हयात लेखकाच्या कादंबरीची आली. ती लगेच काढायला सांगितली आणि नियम केला, की ज्याचे हक्क लेखकाकडे किंवा वारसांकडे आहेत ते पुस्तक विकत घ्यायचं, ग्रंथालयातून आणायचं, नाहीतर एकमेकांना वाचायला द्यायचं. मराठी पुस्तकाची आवृत्ती संपायला किती वर्षं लागतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला दहा प्रतींची किंमत समजावून सांगावी लागत नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. तेवढी जुनी पुस्तकं मोकळेपणाने वाटता येतात. हरिभाऊ आपटे, साने गुरुजी, लक्ष्मीबाई टिळक या सगळ्यांचं लेखन आता त्यात येतं. ग्रुपवर ही माहिती दिल्यावर बऱ्याच जणांना जुनी नावं नव्याने आठवली.

तरी निवड होईना. तेव्हा नाशिकच्या मावशी म्हणाल्या, "नुसती नावं काय घेताय? वाचून दाखवा ना. आमच्या भिशीत आम्ही असंच करतो." त्यांच्याकडे बायकांची पुस्तक भिशी आहे. दरमहा पैशांबरोबर एक पुस्तकही हातोहात फिरतं, आणि नवं पुस्तक आणणारीने आधी दोन पानं मोठ्याने वाचायची असा त्यांचा रिवाज. आम्ही तो जसाच्या तसा उचलला. चार पुस्तकं, प्रत्येकी दोन-तीन पानं, वाचणाऱ्याने प्रस्तावना करायची नाही, लेखकाची थोरवी सांगायची नाही, वाचून थांबायचं. बाकीच्यांनी माईक बंद ठेवायचे, कॅमेरे चालू.

कॅमेरे चालू ठेवल्याचा फार उपयोग झाला. सरांनी 'बनगरवाडी'ची सुरुवात वाचली. तरुण मास्तर अंधारातून माळरानाच्या वाटेने नोकरीच्या गावाकडे चालला आहे. सरांनी स्वतः खेड्यातल्या शाळेत नोकरी केलेली, त्यांच्या आवाजात ती वाट होती. पडद्यावरचे सगळे चेहरे शांत झाले. वाचन झाल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग न्यू जर्सीच्या दादाने 'रणांगण' वाचलं. १९३९ साली आलेली विश्राम बेडेकरांची ही छोटी कादंबरी, दुसरं महायुद्ध तोंडावर असताना युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेल्या बोटीवर घडते. त्यात चक्रधर आहे, जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू हॅर्टा आहे. मराठीत इतक्या आधी हे लिहिलं गेलंय हे ग्रुपातल्या अनेकांना नवीन होतं. ऐकताना दोघंतिघं कॅमेऱ्याच्या जवळ सरकली. 'बलुतं'ची पानं नागपूरच्या मुलीने वाचली, आणि वाचता वाचता ती एके ठिकाणी अडखळून थांबली. पाणी पिऊन तिने पुढचं वाचलं.

शेवटी मावशींनी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' उघडलं. अगदी सुरुवातीचा भाग: सत्तावन्नच्या बंडानंतर घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला झालेली फाशी आणि तेव्हापासून लक्ष्मीबाईंच्या वडिलांना लागलेलं सोवळ्याचं विलक्षण वेड. बाहेरून घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, अगदी मीठसुद्धा. मावशी काही नाट्यवाचन करणाऱ्या नव्हेत. त्या सरळ वाचत होत्या, गोष्ट सांगावी तशा. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला पडद्यावरच्या चौकटींत खांदे हलू लागले. माईक बंद, त्यामुळे हसणं ऐकू येत नव्हतं, फक्त दिसत होतं. आणि मग तेच चेहरे हळूहळू गंभीर होत गेले, कारण त्या सोवळ्यापायी घरातल्या बाईच्या जिवाचे किती हाल झाले तेही त्याच सुरात पुढे येत होतं. मडगावच्या एका सभासदाच्या चौकटीत कडेने एक पांढरा अंबाडा डोकावला. त्यांच्या आई आतल्या खोलीतून येऊन उभ्या होत्या. मावशी थांबल्या तसा तो एकच माईक सुरू झाला आणि आवाज आला, "पुढे वाचा की."

त्यानंतर मतदानाची गरजच पडली नाही. सिडनीला वाचनाचा आवाज टिपून पाठवला, तिकडूनही होकार आला.

'स्मृतिचित्रे' पहिलं पुस्तक म्हणून किती योग्य होतं ते नंतर एकेक करून कळत गेलं. नाव सगळ्यांनी ऐकलेलं, एखादा धडा शाळेत वाचलेला, पण आख्खं पुस्तक वाचलेले फार थोडे. त्यामुळे कोणी जाणकार म्हणून वर चढून बसलं नाही. पुस्तक जाडजूड आहे, पण १९३४ ते १९३७ या काळात ते चार भागांत आलं, तेव्हा तोडायच्या जागा लेखिकेनेच देऊन ठेवलेल्या. महिन्याला एक भाग असं ठरलं. चौथा भाग लक्ष्मीबाईंच्या मृत्यूमुळे अपुरा राहिला आणि मुलगा देवदत्त टिळक यांनी तो पुरा केला. तेव्हा शेवटच्या बैठकीत आवाज कुठे बदलतो हे शोधायचं आम्ही आतापासून योजून ठेवलं आहे. न्यू जर्सीच्या दादाची मुलगी मराठी बोलते, वाचायला तिला जड जातं. शांता गोखले यांचा इंग्रजी अनुवाद २०१७ साली आलेला आहे, तो तिच्यासाठी मागवला. एकाच घरात बाप मूळ वाचतोय आणि लेक अनुवाद, ही सोय फार थोड्या मराठी आत्मचरित्रांच्या बाबतीत आहे.

प्रत्येकाकडे वेगळी आवृत्ती, त्यामुळे पान क्रमांकाचा काही उपयोग नाही. प्रकरण सांगायचं आणि परिच्छेदाचे पहिले दोन-तीन शब्द वाचायचे, एवढ्यावर भागतं.

पहिल्या चर्चेत "पुस्तक कसं वाटलं?" हा प्रश्न मी विचारलाच नाही. त्याचं उत्तर एका विशेषणात संपतं. वाचताना आपण कुठे थांबलो ती जागा प्रत्येकाने शोधून आणायची आणि ती मोठ्याने वाचायची, एवढंच काम दिलं होतं. भाग पुरा न झालेल्यांनाही ते जमण्यासारखं होतं. ऑनलाइन बोलताना दोघं एकदम सुरू करतात, मग दोघंही "तुम्ही बोला, तुम्ही बोला" म्हणत थांबतात. म्हणून क्रम आधीच लिहून ठेवला होता आणि नाव घेऊनच बोलावत होते. न बोलणाऱ्यांची नावं मुद्दाम आधी.

वाद पेटला तो लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळकांवरून. सर त्यांच्या कवितेवर वाढलेले, 'फुलांमुलांचे कवी' हे बिरूद त्यांच्या तोंडात सहज येतं. त्यांनी टिळकांचा उदार, भोळा स्वभाव दाखवणारी जागा निवडली होती. नागपूरच्या मुलीने नेमकी त्याच्या मागची-पुढची पानं आणली होती, टिळक न सांगता घरातून निघून जातात ती. ती म्हणाली, "हा माणूस जगाला मोठा वाटतो, कारण घर कोणीतरी दुसरं सांभाळतंय." सर म्हणाले, "पण लक्ष्मीबाईच तक्रार करत नाहीत. त्या तर हसतात." त्यावर आतापर्यंत शांत असलेल्या मडगावच्या आजी बोलल्या. आता त्या चौकटीच्या मधोमध बसतात. "हसून सांगितलं म्हणजे लागलं नव्हतं असं कुठे असतं? लागलेलं सांगायची बाईला तीच एक रीत होती." सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "ही जागा मी परत वाचतो." आणि त्यांनी ती तिथेच, सगळ्यांसमोर, पुन्हा वाचली. या खेपेला त्यांचा स्वर वेगळा लागला. ज्या माणसाने टिळकांना चाळीस वर्षं वर्गात शिकवलं, त्याला एका आजींमुळे तेच पान वेगळं ऐकू आलं. वाचनकट्टा कशासाठी काढायचा असं मला कोणी विचारलं तर मी हाच प्रसंग सांगते.

त्या दिवशी तास संपून बैठक तुटली तेव्हा मुद्दा अर्धाच राहिला होता. तो ग्रुपवर दोन दिवस चालला, आणि दुसरा भाग लोकांनी सांगितल्याच्या आधीच वाचायला घेतला.

'स्मृतिचित्रे' संपल्यावर पुढच्या पुस्तकासाठी पुन्हा वाचनच होईल. 'रणांगण' आणि 'बलुतं' यादीत आहेतच. नव्या वाचणाऱ्यांत दादाच्या मुलीने नाव दिलं आहे. ती मराठीतून वाचणार म्हणते, आणि त्यासाठी दर शनिवारी मावशींना फोन करून एक एक पान त्यांच्याकडून बसवून घेते आहे.