विहीणबाईंना केलेला फोन

गेल्या पावसाळ्यात खारघरमधील माझ्या दवाखान्यात एक आजी सुनेला घेऊन आल्या. तिला तेहतिसावा आठवडा चालू होता. "डॉक्टर, ही रात्रभर तळहात-तळपाय खाजवत बसते. खोबरेल तेल झालं, कडुनिंबाच्या पाण्यानं अंघोळ झाली. अंगावर पुरळ मात्र एकही नाही." त्यांचे हे शेवटचे वाक्यच निदानाचा धागा ठरले.

पोट ताणल्याने गरोदरपणी थोडी खाज येतेच. परंतु सातव्या महिन्यानंतर, पुरळ नसताना, विशेषतः तळव्यांना सुटणारी आणि रात्री वाढणारी खाज यकृताकडे बोट दाखवते. संप्रेरकांच्या प्रभावामुळे काही स्त्रियांच्या यकृतातून पित्त नीट वाहत नाही आणि पित्ताम्ले रक्तात साठतात. कावीळ दिसेलच असे नाही. मातेचा त्रास प्रसूतीनंतर ओसरतो; चिंता असते ती बाळाची. पित्ताम्ले प्रतिलिटर १०० मायक्रोमोल किंवा अधिक झाल्यास बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो. त्यामुळे ३५-३६व्या आठवड्यातच प्रसूतीचा विचार करावा लागतो.

यकृताच्या नेहमीच्या तपासणीत पित्ताम्ले मोजली जात नाहीत. ती चाचणी वेगळी करावी लागते. पहिला अहवाल चांगला आला तरी खाज थांबली नाही, तर ती पुन्हा करावी. गोळ्यांनी खाज थोडी कमी होते, परंतु गोळी चालू आहे म्हणून तपासणी चुकवू नये.

ताप, उलट्या आणि डोळ्यांत पिवळेपणा असेल, तर प्रकरण निराळे. दूषित पाण्यातून होणारा हिपॅटायटिस ई गरोदर मातेच्याच जिवावर बेतू शकतो. दिल्लीतील १९५५-५६ च्या साथीचे जपलेले नमुने १९८० साली तपासले गेले, तेव्हा ही कावीळ निराळी असल्याचे उमगले; त्या कामात पुण्याच्या विषाणू संस्थेतील संशोधक सहभागी होते. अशी लक्षणे दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

हा खाजेचा विकार काही घराण्यांत आढळतो. म्हणून मी आजींना विहीणबाईंना फोन लावायला सांगितले. पलीकडून उत्तर आले, "हिच्या वेळी मलाही असंच व्हायचं. सगळे उष्णता म्हणायचे."

अहवालात पित्ताम्ले ६२ निघाली. आठवड्याला तपासणी करून अडतिसाव्या आठवड्यात प्रसूती झाली. नात सुखरूप आहे.

घरातील ज्येष्ठांनो, आपली आठवण डॉक्टरांना जरूर सांगा. आणि बाळाची हालचाल मंदावली, तर सकाळची वाट पाहू नका.