'सील' पोहतो की लावतात?

मैत्रिणींनो, लोणावळ्याला समुद्र नाही, तरी १९४५ सालापासून नौदलाचे 'शिवाजी' हे अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्र इथेच आहे. साहजिकच मावळातल्या मुलांच्या कानांवर समुद्राचे इंग्रजी शब्द पडतात, आणि अर्थ विचारायला ती येतात आपल्याकडे, स्वयंपाकघरात!

'सी' म्हणजे समुद्र की पाहणे? 'सेल' म्हणजे जहाजाचे शीड की साड्यांचा? इथे उच्चार सारखा, स्पेलिंग वेगळे. दोन्ही लिहून दाखवले की गोंधळ मिटतो. 'सील'चे मात्र स्पेलिंगही एकच! एक सील म्हणजे मुख्यतः थंड समुद्रात राहणारा, मासे खाणारा सस्तन प्राणी. हा शब्द जुन्या इंग्रजीतला. दुसरे सील म्हणजे मुद्रा, मोहोर. ते लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेने आले. गॅसच्या सिलिंडरचे सील आपण पाहून घेतो ना, ते हेच. २०२२ साली नौदलाच्या निशाणावर आलेली अष्टकोनी आकृतीसुद्धा शिवाजीमहाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली आहे.

म्हणून मुलांकडून एका शब्दाचा एकच अर्थ घोकून घेऊ नका. परीक्षेत वाक्य बदलले की पाठांतर फसते. आधी पूर्ण वाक्य वाचायला लावा आणि "पोहतो की लावतात?" एवढेच विचारा. उत्तर मूल स्वतःच शोधील.