आठवड्याला चाळीस तास: हा आकडा आला कुठून?

१९ पैकी ९. स्वमग्न मुलांच्या उपचारांच्या जगात इतक्या वेळा उगाळलेलं दुसरं प्रमाण क्वचितच सापडेल. १९८७ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले इव्हार लोवास यांनी ते प्रसिद्ध केलं. चार वर्षांच्या आतल्या १९ मुलांना दोन किंवा त्याहून जास्त वर्षं, आठवड्याला ४० तास, एका मुलामागे एक शिक्षक असं शिकवलं गेलं. त्यातली ९ मुलं नेहमीच्या शाळेत पहिली पास झाली आणि त्यांचा बुद्ध्यांक सर्वसाधारण पातळीवर आला. तुलनेसाठी घेतलेल्या ४० मुलांत असं एकच मूल निघालं. आज ‘एबीए’ (अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस) म्हणून जी थेरपी सुचवली जाते, तिची ख्याती बरीचशी या अभ्यासावर उभी आहे. जितके तास जास्त तितका फायदा जास्त, हा समजही तिथलाच.

या आकड्याबरोबर दोन गोष्टी सांगायच्या राहून जातात. एक म्हणजे कोणतं मूल कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. शिकवणारी माणसं उपलब्ध आहेत की नाहीत यावर ठरलं होतं. दुसरी म्हणजे त्या पद्धतीत मोठ्याने दटावणं आणि मांडीवर चापट मारणंही होतं.

तीन वर्षांचं मूल दिवसात साधारण १२ तास जागं असतं, म्हणजे आठवड्याला ८४ तास. त्यातले ४० थेरपी सेंटरला दिले तर जेवण, अंघोळ, प्रवास आणि रडणं वजा जाता खेळायला काय उरतं, ते ज्याने त्याने मांडून पाहावं. मग तास वाढवल्याने फायदा खरंच वाढतो का? १४४ अभ्यास आणि ९,०३८ मुलांची आकडेवारी एकत्र करून मिशेल सँडबँक आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये हेच तपासलं. रोजचे तास, एकूण महिने, दोन्हींचा गुणाकार, सगळं पाहिलं. तास वाढले म्हणून परिणाम वाढला असा भक्कम पुरावा मिळाला नाही. त्याआधी २०२१ मध्ये अमेरिकेत ८७ लहानग्यांवर थेट चाचणी झाली होती, आठवड्याला १५ तास विरुद्ध २५ तास. वर्षअखेर दोन्ही गटांच्या प्रगतीत एकंदर फरक नव्हता. याचा अर्थ थेरपी निरुपयोगी असा नाही. पण दहा तास जादा घेतले नाहीत म्हणून मूल मागे राहील, अशी भीती आईबापांना घालायला या आकड्यांत आधार नाही.

पहिल्या यशावर फार विसंबू नये, याचं उदाहरण ‘अर्ली स्टार्ट डेन्व्हर मॉडेल’चं. खेळातून शिकवणारी ही पद्धत २०१० मध्ये ४८ मुलांवर तपासली गेली. दोन वर्षांत बुद्ध्यांक सरासरी १७.६ गुणांनी वाढला, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचा ७ गुणांनी. २०१९ मध्ये तीन ठिकाणच्या ११८ मुलांवर तीच चाचणी पुन्हा झाली. तीनपैकी दोन ठिकाणी भाषेत फायदा दिसला, बुद्ध्यांकातला फरक मात्र नाहीसा झाला.

आपल्याला जास्त जवळचा अभ्यास गोव्यातला आहे. तिथली ‘संगत’ ही संस्था आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी अशा दोन ठिकाणी मिळून २ ते ९ वर्षांची ६५ मुलं घेतली गेली. ३२ जणांना नवा उपचार, ३३ जणांना नेहमीचे. उपचार म्हणजे पंधरा दिवसांतून एक, अशी सहा महिन्यांत १२ सत्रं, आणि तीही तज्ज्ञांनी नव्हे तर प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी आईवडिलांसोबत घेतलेली. मुलाबरोबर खेळतानाचा व्हिडिओ दाखवायचा आणि मूल काय सुचवतंय ते पालकाला ओळखायला शिकवायचं. २०१६ च्या निकालात पालकांचा प्रतिसाद मुलाशी जुळू लागला, मुलं स्वतःहून संवाद सुरू करू लागली. दोघांनी मिळून एका गोष्टीकडे लक्ष देण्याचं प्रमाण मात्र घटलं, हेही अहवालात नमूद आहे. मला हा अभ्यास आवडतो तो या प्रामाणिकपणामुळेही. भारतात पाच ठिकाणी, त्यात उत्तर गोवाही, झालेल्या पाहणीत २ ते ९ वयोगटात ऑटिझमचं प्रमाण सुमारे १ टक्का आढळलं होतं. इतक्या मुलांना पुरतील एवढे थेरपिस्ट नाशिक-नागपुरातही नाहीत, तालुक्याचं तर सोडाच.

झोके, गाद्या, ब्रशिंग यांची ‘सेन्सरी’ थेरपी आपल्याकडे बहुतेक सेंटरांत पॅकेजमध्येच येते. ब्रिटनमध्ये १३८ मुलांवर झालेल्या चाचणीत तासाभराची २६ सत्रं नेहमीच्या सेवेपेक्षा सरस ठरली नाहीत. मुलाला झोका आवडत असेल तर बागेतला झोका फुकट आहे.

बोलण्याबद्दलचे आकडे दिलासा देणारे आहेत. चार वर्षांपर्यंत दोन-तीन शब्द जोडून न बोलणाऱ्या ५३५ मुलांपैकी ७० टक्के मुलं आठ वर्षांपर्यंत किंवा पुढे तसं बोलू लागली, ४७ टक्के अस्खलित बोलू लागली. चित्रांची कार्डं किंवा टॅबलेट दिला तर मूल बोलायचंच नाही, असं आजी-आजोबा म्हणतात, क्वचित डॉक्टरही. हातांच्या खुणा किंवा चित्रांसारखी साधनं वापरायला शिकवलेल्या २७ मुलामाणसांच्या नोंदी तपासल्या तेव्हा ८९ टक्क्यांचं बोलणं वाढलं होतं आणि एकाचंही घटलं नव्हतं. घरात मराठी बंद करून फक्त इंग्रजी बोला, या सल्ल्यालाही संशोधनाचा आधार नाही.

स्टेम सेलच्या जाहिराती लाखांत बोलतात. ड्यूक विद्यापीठाने १८० मुलांना नाळेतलं रक्त किंवा नुसतं बिनऔषधी द्रावण देऊन पाहिलं. सामाजिक वर्तनाच्या मुख्य मोजमापात फरक पडला नाही. आपल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या समितीनेही २०२२ मध्ये ऑटिझमसाठी ही थेरपी नको असंच सांगितलं. कुठल्याही थेरपीवर खर्च करण्याआधी जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या डीईआयसीत (जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात) जाऊन तपासणी करून घ्यावी. तिथे पैसे लागत नाहीत.

आणि दुष्परिणाम? लहान मुलांच्या थेरपीवरच्या १५० अहवालांपैकी फक्त ११ अहवालांत त्यांचा उल्लेख आहे. बहुतेक अभ्यासकांनी ते मोजलेच नाहीत, तेव्हा मोजणं घरच्यांवर येतं. सेंटरला निघताना मूल किती वेळा चप्पल घालायला नकार देतं, सेशनच्या रात्री झोप कशी लागते, तीन महिन्यांपूर्वी काय येत नव्हतं आणि आज घरी, थेरपिस्टसमोर नव्हे, काय येतं, हे वहीत तारखेनिशी लिहावं आणि पुढच्या महिन्याची फी भरण्याआधी ती वही सेंटरच्या टेबलावर ठेवावी.